हाती दिल्यावाचून

"प्राध्यापक, नियम तुम्ही सांगा," भंते उपसेन म्हणाले. "तुमचा आवाज मागपर्यंत पोचतो."

करंजटोल्याचा विहार म्हणजे विटांच्या चार भिंती, वर कवेलूचे छप्पर आणि समोर शेणाने सारवलेले अंगण. दुपार कलली होती. अंगणातल्या सतरंज्यांवर वस्ती येऊन बसली होती, उजवीकडे पुरुष आणि डावीकडे बाया. आम्ही चौदा श्रामणेर भिंतीला पाठ न टेकता ओळीने बसलो होतो. चौदाही डोकी नुकतीच भादरलेली होती, आणि चीवर खांद्यावरून घसरू नये या धडपडीत प्रत्येकाचा डावा हात अडकलेला होता. आमच्यात एसटीचा एक कंडक्टर होता, दोन शाळामास्तर होते, एक टेलिफोन खात्यातला होता. मी भंडाऱ्याच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत असे. दिवाळीच्या सुटीतले दहा दिवसांचे शिबिर होते ते. दहा दिवस घर सोडायचे, दहा शीले पाळायची, पायी गावोगाव फिरून भिक्षेवर राहायचे, आणि अकराव्या दिवशी चीवर उतरवून पुन्हा आपापल्या कामावर रुजू व्हायचे.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि मला बोलायला आवडत असे.

"उद्या सकाळी आम्ही आपल्या दारावरून जाऊ," मी सुरुवात केली. "आम्ही हाक मारणार नाही. काही मागणार नाही. दारापुढे क्षणभर उभे राहू. द्यावेसे वाटले तर घरात शिजले असेल त्यातले पळीभर पात्रात घाला. नसेल तर संकोच करू नका. आम्ही पुढे जाऊ. बाराच्या आत जेवायचे, त्यानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्याखेरीज काही नाही."

एका म्हाताऱ्याने विचारले, "अन् कोणाच्या घरी माणूसच नसलं तं? बायका कापणीले जाते बाप्पा. ओट्यावर झाकून ठेवलं, तं चालन का नाही?"

"नाही चालणार," मी म्हणालो, आणि या प्रश्नाने मला हुरूप आला. "हा नियम नीट समजून घ्या. भिक्खूंचा आहे, पण शिबिरात आम्हीही पाळतो. खाली ठेवलेले आम्ही उचलत नाही. आमच्यासाठीच ठेवले आहे हे डोळ्यांना दिसत असले तरी उचलत नाही. झाडाखाली पडलेला पेरूसुद्धा नाही. ज्याचे आहे त्याच्या हातून आमच्या पात्रात आले पाहिजे. दुसरे शील आपण सगळे रोज म्हणतो. त्यात चोरी हा शब्दच नाही. न दिलेले घेणार नाही, एवढेच आहे. चोराच्या मनात वाईट असते. पण न दिलेले घेणाऱ्याच्या मनात चांगलेही असू शकते. तरीही ते न दिलेले घेणेच. शील मनाकडे पाहत नाही, हाताकडे पाहते."

शेवटच्या वाक्यावर पुरुषांमधून कोणीतरी "वा" म्हणाले. मी बायांच्या बाजूला पाहिले, आणि तेव्हा मला बाई दिसली.

ती अगदी मागे, कुडाला टेकून बसली होती. कापणीवरून तशीच आलेली असावी. पदर कमरेला खोचलेला होता आणि विळा शेजारी ठेवलेला. ती माझ्याकडे पाहत होती. नऊ वर्षांनी पाहत होती.

कवतिका ही माझी थोरली बहीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणत, म्हणून माझ्यासाठी ती बाईच. बासष्ट साली ती करंजटोल्याला नत्थूभाऊजींच्या घरी दिली. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती आणि माहेरी आली नव्हती.

कारण सांगायला हवे. त्या वर्षी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नागपूरला वसतिगृहात राहत होतो. रविवारी आम्ही मुले वस्त्यांमध्ये जाऊन भाषणे करीत असू. दीक्षा घेऊन अठरा वर्षे झाली आणि तरी घरांमध्ये जुने देव आहेतच, यावर मी फार पोटतिडकीने बोलत असे. श्रावणात दोन दिवस बाईकडे आलो. तिच्या सासूच्या खोलीत, कोनाड्यात, मातामाय या जुन्या देवीचा गोटा होता. मुठीएवढा, पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराने लाल झालेला. सासू द्वारकाबाई दोन वर्षे अंथरुणावर होती. मी बाईला म्हणालो, "हे काय? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना?" बाई म्हणाली, "राहू दे गा. म्हातारीचं आहे." दुसऱ्या दिवशी ती आणि भाऊजी धानाच्या रोवण्याला बांधीत, म्हणजे भातखाचरात, गेले. म्हातारी झोपली होती. मी गोटा उचलला, गावाबाहेरच्या बोडीवर गेलो आणि होता तेवढ्या जोराने तो पाण्यात भिरकावला. संध्याकाळच्या गाडीने नागपूरला परतलो. वसतिगृहात मित्रांना ही हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली.

अकराव्या दिवशी द्वारकाबाई वारली. माझ्या कानावर आले ते असे, की मातामाय कोपली असे गाव म्हणते, आणि बाईने माझे नाव टाकले आहे. मी तिला फुलस्केपची चार पाने भरून पत्र लिहिले. दगडाला कोप नसतो, ऐंशी वर्षांची आजारी बाई मरण्याला देवीची गरज नसते, योगायोग आणि कारण यांत फरक असतो, असे सगळे मुद्दे क्रमाने मांडले. उत्तर आले नाही. माझी बहीण अंधश्रद्धेत अडकली आहे याचे मला वाईट वाटत असे, आणि तेवढेच वाटत असे.

आई मात्र खचली. ती भंडाऱ्याला माझ्याकडे राहत होती. तिचे डोळे गेल्या दोन वर्षांत गेले. मी शिबिराला निघालो त्या सकाळी तिने माझा हात धरून विचारले होते, "करंजटोल्यावरून जासान का तुम्ही?"

"तिसऱ्या दिवशी मुक्काम आहे."

"मंग तिले म्हण, माय वाट पाहून राहिली म्हणा. तुह्याशी नोको बोलू म्हणा. पण मायले काहून सजा?"

*

लोक उठल्यावर बाई विळा घेऊन निघून गेली. ती गेली त्या वाटेकडे मी पाहत राहिलो. शेजारी मुरारी गणवीर चीवराची गाठ सोडून पुन्हा बांधीत होता. तो तुमसर आगाराचा कंडक्टर. शिबिरात प्रत्येकाला दहा दिवसांचे नाव मिळाले होते, पण त्याला सगळे कंडक्टरच म्हणत.

"कोण होय ती बाई?" त्याने हळू विचारले. "तुम्ही शील समजावून सांगून राहिले होते, अन् ती असं पाहे जसं मी विनातिकीटवाल्याकडे पाहतो."

"माझी बहीण आहे."

"सख्खी?"

"सख्खी. नऊ वर्षे बोलत नाही."

मुरारीने जीभ चावली. मग म्हणाला, "एक फायदा आहे बाप्पा तुमचा. चीवर अंगावर आहे तोवर तिलेच तुमच्या पाया पडा लागते."

मी भंते उपसेनांकडे गेलो. ते पूर्वाश्रमी गिरणीत साचेवाले होते आणि अजूनही बोलताना त्यांचा आवाज यंत्रांवरून ऐकू जावा असा उंच लागत असे. विहाराच्या पायरीवर बसून ते सुई-दोऱ्याने पात्राची झोळी शिवत होते. मी त्यांना सगळे सांगितले. म्हणजे, आईचा निरोप सांगितला आणि बहीण रागावली आहे असे सांगितले. गोट्याविषयी फक्त "जुने देव काढण्यावरून" एवढेच म्हणालो.

"आत्ता जाऊन निरोप देऊन येतो, भंते. घर जवळच आहे."

"नाही."

"पाच मिनिटांचे काम आहे."

"उद्या ओळ तिच्या दारावरून जाणारच आहे." त्यांनी दोरा दाताने तोडला. "पण तिथंही निरोप घेऊन जाऊ नका. भिक्षेला जाताना माणूस रिकामं भांडं घेऊन जातो. आधीच काही भरून नेलं तर ती घालणार कशात?"

"मग आईला काय सांगू?"

"ते अकराव्या दिवशी पाहू," ते म्हणाले आणि झोळी उलटून टाके तपासू लागले.

*

सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्ही निघालो. भंते पुढे, मागे आम्ही चौदा एकामागे एक. माझा क्रमांक नववा होता. आदल्या दुपारच्या बारानंतर पोटात पाण्याशिवाय काही नव्हते. वस्तीत नव्या धानाचा भात शिजत होता. ज्याने तो वास अशा वेळी घेतला असेल त्यालाच कळेल. 

नियम असा की नजर चार हातांवरच्या जमिनीकडे ठेवायची आणि तोंड बंद. दारोदारी बाया भांडी घेऊन उभ्या होत्या. कोणी भात घालीत होते, कोणी वांग्याची भाजी, एकीने पुऱ्या तळल्या होत्या. प्रत्येक जण पळी रिकामी केल्यावर हात जोडीत असे आणि आम्ही पुढे सरकत असू. मागून दहाव्या क्रमांकावरचा मुरारी अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाला, "पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे," आणि ओळीतल्या तिघा-चौघांचे खांदे हलले.

बाईचे घर गल्लीच्या टोकाला होते. आधी मला तिची पावले दिसली. टाचांना भेगा पडलेल्या, डाव्या पायात चांदीचे जोडवे. मग भाताची पातेली आणि तिच्या हातातली पळी. भंतेंच्या पात्रात भात पडला. पहिल्याच्या, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. ती शांतपणे घालीत होती, घाई नव्हती की उशीर नव्हता. आठव्याच्या पात्रात भात पडला आणि मी एक पाऊल पुढे होऊन तिच्या समोर आलो. माझ्या पात्रात इतर घरांची भिक्षा तळाशी होती. मी ते थोडे पुढे केले.

पळी पातेलीत परत गेली.

बाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काशाचे ताट होते. ते मी ओळखले. तिच्या लग्नात आईने दिलेले, काठाला नागमोडी रेघ असलेले ताट. त्यात भात होता, वर वरण होते, बाजूला तांदळाच्या पिठाचे घावन होते. लहानपणी त्या घावनांसाठी मी रडत असे. तिने ते ताट माझ्या पुढ्यात, ओट्याच्या कडेवर ठेवले. मग दोन पावले मागे सरून तिने रीतीप्रमाणे हात जोडले.

"वंदामि, भंतेजी," ती म्हणाली.

आणि मला वगळून ती मुरारीकडे वळली. त्याच्या पात्रात भात घातला, नंतर मागच्या चौघांच्या. मी तसाच उभा होतो. ओळ माझ्याभोवतून वळसा घेऊन पुढे गेली. मुरारी जाता जाता थबकला, पण त्याच्यामागचा पुढे आल्याने त्याला जावे लागले. भंते मागे वळले नाहीत. गल्लीत आता शेजारच्या घरांतून भिक्षा देऊन झालेल्या बाया तेवढ्या उभ्या होत्या.

मलाही पुढे जायला हवे होते. नियमाप्रमाणे तेच. पण पाय निघेनात.

"घ्या ना, भंतेजी," बाई म्हणाली. "भात गरम आहे. घावन तुमच्यासाठीच केले. दुसऱ्या कोणाले दिले नाही."

मी नजर खाली ठेवली.

"का? भूक नाही का? काल बारापासून जेवले नाही म्हणे तुम्ही."

शेजारची एक बाई म्हणाली, "अगं कवतिका, पात्रात घाल ना. त्याहिले खालचं उचलता येत नाही. कालच तं सांगतलं."

"मले मालूम आहे. मी होती तिथं." बाईचा आवाज चढला नव्हता. "लय चांगलं सांगतलं भंतेजीनं. आपल्यासाठी ठेवलं हे दिसते, तरी हात लावत नाही म्हणे. ज्याचं आहे त्याच्या हातून आलं पायजे म्हणे. झाडाखालचा पेरूसुदा नाही." ती थांबली. मग पहिल्यांदा तिने मला नावाने हाक मारली. "मंग शालिक, माह्या सासूच्या कोनाड्यातून उचललं ते तुले कोणं दिलं होतं?"

शेजारणी आता माझ्याकडे पाहू लागल्या.

मला जे उत्तर सुचले ते मी आजही लपवीत नाही. मला पत्रातला पहिला मुद्दा सुचला. मी तोंड उघडलेही. म्हणालो, "बाई, तो दगड होता."

"दगड होता," ती म्हणाली. "मी कुठं म्हणते देव होता? मी नागपूरले दीक्षा घेतली तवा तू माह्या कडेवर होता. दोन वर्साचा. सारा वेळ रडे, अन् मी एका हातानं तुले धरे अन् दुसरा हात छातीवर ठेवून एकेक प्रतिज्ञा म्हणे. बारा वर्साची होती मी. तू मले शिकवशीन?"

तिने हातातली पळी पातेलीत ठेवली.

"सासरी आली त्या दिवसापासून मी त्या गोट्यापुढं हात जोडले नाही. एकदाबी नाही. सासूले सांगतलं, माय, मी पुसून ठेवीन, पण पाया पडणार नाही. ते म्हणे, बरं. दोन वर्सं आंधळी होती ते. दोन वर्सं अंथरुणात. सकाळी मी गोटा तिच्या हातात देऊ, ते चाचपून पाहे, परत देई. मंग पेज पिई. तेवढंच. न चाचपता पेत नसे. पूजा नाही, उदबत्ती नाही. आपल्या घरात आपण आहोत हे तिले त्या गोट्यावरून कळे."

द्वारकाबाई आंधळी होती हे मला माहीत नव्हते. दोन दिवस त्या घरात राहिलो होतो आणि ती आंधळी आहे हे मला दिसले नव्हते.

"रोवण्यातून आली तं कोनाडा खाली," बाई सांगत होती. आता ती माझ्याकडे नव्हे, ताटाकडे पाहत होती. "तू निघून गेला होता. एका पोट्ट्यानं सांगतलं, मामानं बोडीत फेकलं. मी तशीच उतरली. छातीएवढं पाणी, खाली गाळ. तीन दिवस उतरली. तुहे भाऊजी म्हणे, जाऊ दे, जळू चिकटून मरशीन. नाही भेटला. मंग नदीवरून तसाच गोटा आणला. तेवढाच. शेंदूर लावला, तेल लावलं, दोन दिवस राखेत ठेवला जुना दिसावा म्हून. तिच्या हातात दिला." तिने आपले दोन्ही तळवे उघडून समोर धरले, जणू त्यात अजून काही होते. "तिनं बोटं फिरवली. म्हणे, हे आपली नाही, बाई. अन् भिंतीकडे तोंड केलं."

गल्लीतली एक कोंबडी दाणे टिपत ओट्याकडे आली, बाईने ती हाकलली.

"मी खोटं बोलली तिच्याशी. तिनं मले पकडलं अन् एक शब्द नाही बोलली. गोटा गेल्यापासून अकराव्या दिवशी गेली. मंग तुहं पत्र आलं. चार पानं. मास्तराकडून वाचून घेतलं. मातामाय कोपत नाही, अमुक नाही, तमुक नाही. मी वाट पाहू, आता येईन, आता येईन. संपलं पत्र. त्यात म्हातारीचं नावच नव्हतं."

तिने पदराने तोंड पुसले, रडू आले म्हणून नव्हे, घाम आला होता म्हणून. मग मान वर केली.

"बोल. कोणं दिलं होतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "कोणी दिलं नव्हतं, बाई. मी घेतलं."

ती वाट पाहत राहिली. त्यापुढे मी काहीतरी बोलेन, म्हणजे "पण" म्हणेन, असे तिला वाटले असावे. माझ्या सवयी तिला माहीत होत्या. मी बोललो नाही.  पात्र तसेच पुढे धरून ठेवले.

मग तिने ओट्यावरचे ताट दोन्ही हातांनी उचलले आणि माझ्या पात्रावर कलते केले. भात, वरण, शेवटी घावन. ताटाच्या काठाला चिकटलेली शिते तिने बोटाने निपटून पात्रात घातली.

"जा," ती म्हणाली. "बाराच्या आत खा."

मी वळलो. चार पावले गेल्यावर तिने मागून विचारले, "मायचे डोळे कसे आहेत?"

नियम मोडलाच होता. मी थांबलो. "एकात काहीच नाही. दुसऱ्यात उजेड कळतो, माणूस कळत नाही."

"मंग मी आलेली तिले कशी कळन?"

"हातानं," मी म्हणालो.

*

दुपारी जेवण झाल्यावर भंते उपसेनांनी मला बोलावले.

"भिक्षेत बोललात?"

"हो, भंते."

"किती?"

मी मोजून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. गोट्याविषयी आदल्या दिवशी जे गाळले होते तेही या वेळी सांगितले.  समोरच्या अंगणात मुरारी धुतलेली पात्रे उन्हात पालथी घालीत होता.

"उद्या पुढच्या गावात नियम कंडक्टर सांगतील," भंते शेवटी म्हणाले. "तुम्ही लोकांमध्ये बसा."

मुरारीने पुढच्या गावात नियम सांगितले. त्याने ते पाच वाक्यांत संपवले, आणि मागून कोणी "वा" म्हटले नाही. सगळ्यांना समजले मात्र होते.

अकराव्या दिवशी मी चीवर उतरवून भंडाऱ्याला परतलो. आईने विचारले, "भेटली का?" मी म्हणालो, "भेटली." "निरोप देल्ला?" "नाही," मी म्हणालो, "तिनंच तुझे डोळे विचारले."  त्या दिवसापासून आई दुपारी झोपेनाशी झाली. दाराजवळच्या बाजेवर बसून राही.

उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी उरकायला तीन आठवडे लागले. एका सोमवारी मी महाविद्यालयातून परतलो तेव्हा फाटकाशी नत्थूभाऊजी सुपारी कातरीत उभे होते. ते म्हणाले, "आतमंदी आहे," आणि अडकित्त्याकडे पाहू लागले. मी पुढे गेलो.

दार उघडे होते. आई बाजेवर बसली होती आणि बाई तिच्यापुढे जमिनीवर. आईचे दोन्ही हात बाईच्या चेहऱ्यावर होते. ती कपाळावरून भुवयांकडे, गालांवरून हनुवटीकडे अशी सावकाश बोटे फिरवीत होती, पुन्हा वर नेत होती. बाईने डोळे मिटले होते.  बाईच्या कानाच्या पाळीला लहानपणी झालेल्या जखमेचा वण होता. तिथे आईचे बोट पोचले, थांबले, आणि मग तिने बाईचे डोके ओढून आपल्या पोटाशी घेतले.

मी उंबरठ्याबाहेर उभा राहिलो. चपला काढल्या होत्या, हातात पुस्तकांची पिशवी होती. ते माझेच घर होते. भाडे मी भरीत होतो. तरी मला आत जाववेना. डोक्यावर खुरटे केस आले होते, वारा लागून ते खाजत होते, आणि मी खाजवलेही नाही. आत काय चालले आहे त्यात माझ्या हाताचे काही काम नव्हते.

बऱ्याच वेळाने बाईने आईच्या पोटाशी ठेवलेले डोके न उचलता दाराकडे पाहिले.

"ये ना गा आत," ती म्हणाली. "का आता घरात यालेबी कोणी हातानं द्या लागते तुले?"